गळाला लागलेला मासा ओळखायचा कसा? कृष्णा-कोयना-वारणेकाठी गळ टाकणाऱ्यांसाठी

दहा-अकरा वर्षांचा असेन. भिलवडीच्या घाटाच्या खालच्या अंगाला मामाच्या गळाला दीडेक किलोचा काळपट मासा लागला. काठावरच्या एकानं सांगितलं, "रोहू हाय." दुसरा म्हणाला, "न्हाय, मिरगळ." तिसऱ्यानं तर मरळ ठरवून टाकली. मामानं मासा ओल्या पोत्यावर ठेवला आणि अंगठ्यानं त्याचा खालचा ओठ अलगद दुमडला. "रंगावर जाऊ नगा. तेचं तोंड बघा आधी." ओठाला झालरीसारखी बारीक कातरण होती आणि तोंडाच्या दोन्ही कडांना दोन-दोन अशा चार आखूड, काळ्या मिशा. ती कानोशी होती, बाजारात जिला काळबासू म्हणतात ती.

पुढच्या चाळीस वर्षांत धोमच्या फुगवट्यापासून हरिपूरच्या संगमापर्यंत कृष्णाकाठी कुठं कुठं बसलो, पण मासा ओळखायची याहून चांगली पद्धत मला सापडली नाही. श्रावणातल्या गढूळ पाण्यातला मासा फिका निघतो, मार्गशीर्षातल्या निवळ पाण्यात तोच गडद दिसतो. डोहातला काळवंडतो, वाळूवरचा उजळतो आणि पाण्याबाहेर काढल्यावर पाच मिनिटांत रंग आणखी बदलतो. तोंड मात्र बदलत नाही. मासा कुठं चरतो, काय खातो हे तोंडावरच लिहिलेलं असतं आणि जातीजातीतला फरक तिथंच पहिल्यांदा दिसतो. म्हणून या लेखातला क्रम असा आहे: आधी खवले, मग तोंड, मग मिशा, मग पाठीवरचा पर आणि शंका उरलीच तर खवल्यांची मोजणी. रंग सगळ्यात शेवटी.

आधी मासा नीट धरा

ओळख पटवायच्या नादात मासा मारू नका. हात आधी पाण्यात बुडवून ओले करा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं रोगांपासूनचं कवच असतं. कोरड्या हातानं किंवा तापलेल्या दगडावर तो थर निघून गेला, तर सोडलेला मासा चार दिवसांनी बुरशी लागून मरतो. ओलं पोतं किंवा ओला टॉवेल जवळ असू द्या. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा पोटाखाली. कल्ल्यात बोटं घालून उचलायची सवय असेल तर ती मोडा.

मग चार फोटो काढा. पहिला पूर्ण कुशीचा, पर उघडलेले असताना. दुसरा तोंडाचा समोरून. तिसरा खालच्या बाजूनं, ओठ आणि मिशा दिसतील असा. चौथा शेपटीचा. शेजारी दहाचं नाणं किंवा काडेपेटी ठेवली की आकाराचा अंदाज राहतो. सगळं मिळून अर्ध्या मिनिटात झालं पाहिजे. बाकीचा विचार घरी बसून निवांत करता येतो.

पण हात लावायच्याही आधी एक गोष्ट बघायची: अंगावर खवले आहेत का? खवले नसतील आणि तोंडाला लांब मिशा असतील, तर तो मासा हातात धरू नका. तसा मासा कसा हाताळायचा ते पुढे येईल. आधी खवलेवाले.

कटला, रोहू, मृगळ: तिघांची तीन तोंडं

आपल्या तळ्यांत, धरणांत आणि आता नदीतही सगळ्यात जास्त गळाला लागतात ते हे तिघे. तिघेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांचं प्रजनन घडवलं. त्यानंतर मत्स्यबीज नदीतून गोळा करण्याऐवजी हौदात तयार होऊ लागलं आणि ते देशभरच्या धरणांत सोडलं गेलं. आपल्याकडचे कटला-रोहू आले ते याच वाटेनं.

कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं. तो वरच्या थरातलं सूक्ष्म अन्न गाळून खातो, म्हणून खालचा जबडा पुढे आणि वर, ओठ जाड. डोकं अंगाच्या मानानं भलं मोठं, मिशी एकही नाही, खवले मोठे, पोट गोल. एकदा डोकं पाहिलं की दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही.

रोहूचं तोंड लहान आणि किंचित खाली झुकलेलं. ओठ जाड, त्यांच्या कडेला झालर. मिशांची एकच जोडी आणि तीही इतकी आखूड की ओठाच्या खाचेत दडते, नखानं उचलून पाहावी लागते. अंग तांबूस झाक मारतं, प्रत्येक खवल्यावर लालसर चंद्रकोर असते. पण ती झाक धरणातल्या माशात पुष्कळदा नसतेच, तेव्हा तिच्यावर विसंबू नका.

मृगळचं तोंड रुंद आणि खालच्या बाजूला, कारण तो तळाशी चरतो. ओठ पातळ, कातरलेले नाहीत. अंग लांबट, सडपातळ आणि रुपेरी. शेपटी खोल दुभंगलेली, तिच्या खालच्या पात्यावर पुष्कळदा लालसर छटा.

रोहू आणि मृगळ यांत सगळ्यात जास्त गफलत होते, त्यातही पाव-अर्धा किलोच्या पोरवयाच्या माशांत. तिथं ओठच निकाल देतो. ओल्या बोटाचं टोक खालच्या ओठावरून आडवं फिरवा. रोहूचा ओठ मऊ, जाड आणि खरखरीत कातरलेला लागतो, मृगळचा पातळ आणि गुळगुळीत. डोळे मिटूनही हे कळतं. रात्री बॅटरी संपलेली असताना मी असेच मासे वेगळे केले आहेत.

आता कानोशी. रोहूसारखेच झालरीचे ओठ, पण मिशा चार, आणि त्या स्पष्ट दिसतात. पाठीवरचा पर लांब आणि उंच, अंग काळपट. काही माशांत खवल्यांच्या मध्यावर शेंदरी ठिपका असतो. तळाशी दगडांच्या आसऱ्यानं राहते. सांगली-भिलवडीच्या डोहांत पूर्वी ही भरपूर मिळायची, आता हंगामात चार-पाच दिसल्या तरी बरं वाटतं.

झालरीच्या ओठांचा आणखी एक मासा आहे आणि तो आपल्या दख्खनच्या नद्यांचा मूळ रहिवासी आहे. शास्त्रीय नाव लेबिओ फिंब्रियाटस. याच्याही मिशा चार, पण अंग काळं नसून खवल्यांच्या मध्यावर तांबूस ठिपके, आणि पाठीवरच्या पराचा पाया रोहूपेक्षा लांब. याला गावागणिक वेगळं नाव ऐकलं आहे. सापडला तर वहीत नोंद करा आणि सोडून द्या. रोहू धरणात दरवर्षी सोडला जातो. याचं बीज सहसा कुणी सोडत नाही, जे काही आहे ते बहुतेक नदीनंच वाढवलेलं आहे.

बाहेरून आलेले: सिप्रनस, गवत्या, चंदेरा, चिलापी

सिप्रनस म्हणजे सायप्रिनस, कॉमन कार्प. १९३९ साली श्रीलंकेतून निलगिरीत त्याचा एक प्रकार आला आणि १९५७ साली बँकॉककडचा प्रकार कटकला. आपल्याकडे तळ्यात दिसतो तो बहुधा दुसरा. ओळख सोपी आहे. तोंडाला मिशांच्या दोन जोड्या आणि पाठीवरचा पर इतका लांब की पाठीचा निम्म्याहून जास्त भाग तोच व्यापतो. त्या पराच्या सुरुवातीला एक जाड काटा असतो, त्याच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते. हा काटा जाळ्यात आणि टॉवेलात अडकतो, घाईनं ओढलात तर बोट कापतं. काही सिप्रनसच्या अंगावर सगळीकडे खवले असतात, काहींवर आरशासारखे मोठे मोजकेच. जात एकच आहे, बिचकू नका. पाण्यावर बारीक बुडबुड्यांची रांग तळातून वर येताना दिसली की खाली हा चिखल उकरत असतो. कणकेचा किंवा भुईमूग पेंडीचा गोळा तिथंच टाकावा.

गवत्या म्हणजे ग्रास कार्प आणि चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प, हे दोघे १९५९ साली भारतात आणले गेले. गवत्याचं अंग लांबट, नळकांडीसारखं, खवले मोठे आणि कडा गडद, त्यामुळे अंगावर जाळी आखल्यासारखी दिसते. मिशा नाहीत. पाठीवरचा पर आखूड. मोठा गवत्या पाहून 'खडशी (महासीर) सापडली' म्हणून आनंदानं फोन केलेले मला माहीत आहेत. फरक मिशीत आहे: खडशीला चार मिशा, गवत्याला एकही नाही.

चंदेऱ्याला नवशिके कटला म्हणतात. डोकं मोठं, तोंड वर, मिशा नाहीत, इथपर्यंत दोघांचं जुळतं. पुढे दोन गोष्टी पाहा. चंदेऱ्याचे खवले अगदी बारीक, साखरेच्या दाण्यासारखे. कटल्याचे बोटाच्या नखाएवढे. आणि चंदेऱ्याचा डोळा डोक्यावर विलक्षण खाली असतो, तोंडाच्या रेषेच्याही खाली, जणू कुणी डोकं उलटं बसवलं आहे. पोटावरून बोट फिरवलं तर गळ्यापासून मागेपर्यंत धारदार कड लागते. कटल्याचं पोट गोल.

चिलापी, म्हणजे तिलापिया, १९५२ साली भारतात आली आणि आता तिच्याविना तळं उरलं नाही. चपटं उंच अंग, पाठीवर एकच लांब पर, त्याचा पुढचा भाग काट्यांचा. कुशीवरून जाणारी बारीक रेघ मध्येच तुटते आणि खालच्या पातळीवर पुन्हा सुरू होते, ही तिची अचूक खूण. शेपटीवर उभे पट्टे स्पष्ट असतील तर नाईल जातीची, नसतील तर बहुधा मोझांबिक. मादी पिल्लांना तोंडात सांभाळते, त्यामुळे ती भराभर वाढते आणि देशी माशांची जागा खाते. चिलापी सापडली की परत पाण्यात सोडू नका. घरी न्या, चवीला चांगली लागते.

खडशी: हिला ओळखणं सगळ्यात महत्त्वाचं

खडशी, म्हणजे ज्याला आता सगळे महासीर म्हणतात तो मासा. डब्ल्यू. एच. सायक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली दख्खनच्या माशांचं वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा त्यानं कितीतरी शास्त्रीय नावं आपल्या कोळ्यांच्या तोंडची घेतली. टोर खुद्री हे खडशीचं. घोगऱ्याचं गोगरा, कोळशीचं कोलुस, नुकट्याचं नुक्ता, हीही त्यातलीच. जगभरच्या संग्रहालयांत बाटल्यांवर आपले मराठी शब्द चिकटवलेले आहेत आणि आपल्याच काठावर ती नावं विसरत चालली आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

खडशीची ओळख खवल्यांवरून. ते इतके मोठे असतात की कल्ल्याच्या झाकणापासून शेपटीच्या मुळापर्यंत, अंगावरच्या रेघेवर, फक्त पंचवीस ते सत्तावीस भरतात. रोहू, कटला, गवत्या या सगळ्यांत हा आकडा चाळिशीच्या आसपास असतो.

ही मोजणी एकदा शिकून घ्या. माशाच्या कुशीवर, साधारण मध्यावरून एक बारीक रेघ जाते. नीट पाहिलं तर त्या रेघेवरच्या प्रत्येक खवल्याला एक छोटं छिद्र असतं. कल्ल्याच्या झाकणाला लागून असलेल्या छिद्राच्या खवल्यापासून सुरुवात करा आणि शेपटीच्या पराच्या बुडाशी अंगाची घडी पडते तिथं थांबा. काठावर मोजत बसू नका. कुशीचा फोटो स्पष्ट काढा आणि घरी मोबाईलवर मोठा करून पेन्सिलीच्या टोकानं मोजा. पहिल्यांदा दोन-तीनदा चुकेल. पण पंचवीस आणि बेचाळीस यांत इतकं अंतर आहे की चूक झाली तरी निकाल बदलत नाही.

शिवाय खडशीला मिशांच्या दोन जोड्या, जाड मांसल ओठ आणि पाठीवरच्या पराला एक भक्कम काटा असतो, पण सिप्रनससारखे त्याला दाते नसतात, तो गुळगुळीत. पाठीवरचा परही आखूड. सिप्रनस आणि खडशी यांना वेगळं करायला एवढं पुरे.

खडशीला वाहतं, थंड, ऑक्सिजननं भरलेलं पाणी लागतं. कोयना, वारणा आणि वरच्या कृष्णेच्या दगडी भागातली ही मासळी धरणांनी आणि वाळू उपशानं मागं हटली आहे. पोर खडशी रोहू म्हणून पिशवीत जाते, हे मी माहुलीच्या संगमावर स्वतः पाहिलं आहे. त्या माणसाला खरंच माहीत नव्हतं. वीतभर लांबीची, मोठ्या खवल्यांची, चार मिशांची. मी दाखवल्यावर त्यानं ती सोडून दिली, पण तोवर वेळ झाला होता, ती उलटी होऊन वाहत गेली. तुम्हाला लागली तर पाण्यातच गळ काढा, फोटोसाठीसुद्धा बाहेर काढू नका.

मरळ

मरळीत फार गोंधळ नाही. लांब गोल अंग, डोकं सापासारखं चपटं आणि त्यावर मोठे पत्र्यासारखे खवले, पाठीवर आणि पोटामागे लांबलचक पर, शेपटी गोल. परांत काटा नाही. दात तीक्ष्ण आहेत, गळ बोटानं काढू नका, पक्कड वापरा. दोन मोठ्या जाती आहेत. साध्या मरळीच्या कुशीवर तिरके पट्टे असतात आणि पोट पांढरं. दुसरी खूप मोठी वाढते, मीटरभरापर्यंत. तिच्या शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला, विशेषतः लहानपणी, डोळ्यासारखा काळा ठिपका असतो, भोवती फिकट कड.

मरळ हवेतला श्वास घेते, म्हणून पाण्यावर 'गप्प' असा आवाज करून वर येते. तो आवाज ऐकून जागा ओळखायची. पावसाळ्यात काठाजवळ तांबड्या पिल्लांचा पुंजका उकळल्यासारखा हलताना दिसला, तर त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात. ते बेडकाच्या नकलीवर लगेच झडप घालतात, कारण भुकेपेक्षा राग असतो. त्या वेळी गळ टाकू नका. राखणदार गेला की तासाभरात पिल्लं संपतात.

खवले नसलेले: इथं सावध

शिंगाळा, शिंगटी, घोगऱ्या, शिवडा, गुगळी, मांगूर. या सगळ्यांना लांब मिशा आहेत आणि खवले नाहीत. यातल्या शिंगटी-शिंगाळ्याच्या आणि घोगऱ्याच्या पाठीच्या व छातीच्या परांना कडक काटे असतात, त्यावर सौम्य विषही असतं. मी एकदा अंधारात बोटभर शिंगटी गळातून काढताना तिचा काटा अंगठ्याच्या पेरात शिरला. कोपरापर्यंत ठणका लागला, रात्रभर झोप नाही. मामीनं हात सोसवेल इतक्या कढत पाण्यात बुडवून ठेवायला लावला तेव्हा कुठं उतार पडला. ते बरोबरच होतं, कारण हे विष उष्णतेनं निकामी होतं. पाणी भाजेल इतकं मात्र नको. जखम साबणानं धुवा, काट्याचा तुकडा आत राहिला असेल किंवा धनुर्वाताची सुई बरेच दिवस घेतली नसेल, तर दवाखाना गाठा. हा मासा जाड फडक्यानं छातीच्या परांच्या मागं धरायचा किंवा धरायचाच नाही, तंगूस, म्हणजे गळाची दोरी, कापून टाकायचा.

ओळखताना मिशांच्या जोड्या मोजा. शिंगाळ्याला चार जोड्या. नाक चमच्यासारखं चपटं, शेपटी खोल दुभंगलेली, आणि पाठीवरच्या काटेरी परामागे शेपटीकडे आणखी एक मऊ, काडी नसलेला मांसल पर, ज्याच्या मागच्या टोकाला काळा ठिपका. हा ठिपका दिसला की शिंगाळा नक्की. वरची मिशी शेपटीपर्यंत पोचत असेल तर एक जात, अंगाच्या मध्यावरच संपत असेल तर दुसरी. बारक्या शिंगटीचं अंग याहून आखूड असतं, ती तळहाताएवढीच वाढते.

घोगऱ्या जाडजूड, त्याला मिशांच्या तीन जोड्या. पकडला की घोगरा आवाज काढतो, नाव त्यावरूनच पडलं असावं.

शिवडा, कुणी पहाडी म्हणतं, हा नदीतला दरोडेखोर. मिशा दोनच जोड्या, वरची खूप लांब. तोंड एवढं मोठं की त्याची चीर डोळ्याच्याही मागे जाते. पाठीवर पर एवढासाच, मांसल पर नाहीच, आणि पोटामागचा पर शेपटीपर्यंत सलग. दात आत वळलेले, मासा घसरून बाहेर येऊ नये असे. बोट तोंडात घालू नका. याच आकाराची, पण वीतभराची गुगळी असते. तिला पोरवयाचा शिवडा समजू नका: तिच्या तोंडाची चीर डोळ्याच्या पुढेच संपते आणि कल्ल्यामागे अंगावर काळा ठिपका असतो.

पांढरट, चकचकीत, लहान तोंडाचा आणि मिशांच्या दोन जोड्यांचा मासा लागला तर तो पंगस, पाळलेल्या तळ्यातून पुरात सुटलेला. २०१९ च्या महापुरानंतर हा मासा नदीत किती दिवस लागत होता! आफ्रिकी मांगूरही असाच येतो. चार जोड्या मिशा, पाठीवर शेपटीपर्यंत लांब पर, डोकं फावड्यासारखं रुंद चपटं, आणि वजन किलोच्या पुढे सहज. देशी मांगूर लहानखुरा असतो. आफ्रिकी मांगूर पाळायला देशात बंदी आहे, तो मिळाला तर पाण्यात परत जाता कामा नये.

सापासारखे दोन

वाम आणि अहिर. पाहताक्षणी लोक दोन्हींना वामच म्हणतात. वामेच्या पाठीवर, पराच्या पुढे, सुट्या आखूड काट्यांची रांग असते, नाकाचं टोक सोंडेसारखं मांसल आणि हलणारं. अहिरच्या पाठीवर काटे नसतात, पाठीचा, शेपटीचा आणि पोटामागचा पर एकच सलग फीत असते, छातीजवळ दोन गोल पर. वाम रात्री दानव्यावर, म्हणजे गांडुळावर, हमखास लागते. पिचिंगच्या, म्हणजे काठावर रचलेल्या दगडांच्या, फटीत राहते. अहिर समुद्रात जन्मतो आणि पिल्लू असताना नदीनं चढून वर येतो. बंगालच्या उपसागरापासून आपल्यापर्यंत धरणं किती आहेत हे आठवा, म्हणजे हा मासा आता का दिसत नाही ते कळेल.

पातळ, सुरीसारखा, पाठीला कुबड आणि पोटाखालून शेपटीपर्यंत एकच लांब पर असलेला मासा म्हणजे चांभारी. दुसऱ्या कशाशी घोळ होत नाही.

कुठं बसायचं आणि कुठं नाही

संथ, खोल डोहात कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, मृगळ-कानोशी तळाशी. बंधाऱ्याच्या खाली फेसाळ पाणी निवळतं त्या कडेला शिवडा आणि शिंगाळा. खटाव-माणकडच्या उथळ तलावांत चिलापी आणि मरळ. म्हणजे गळ किती खोल होता हेही ओळखीला मदत करतं, वहीत ते लिहून ठेवा.

तळी आणि धरणं बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असतात. आधी संस्थेच्या माणसाला विचारा, पावती लागत असेल तर घ्या. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे, तिथल्या पाण्यात गळ टाकायचा नाही. स्फोटकं आणि विष घालून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. कुणी करताना दिसलं तर गप्प बसू नका.

आणि मगरी. भिलवडी, औदुंबर, डिग्रज, हरिपूर या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, हे काठावरच्या प्रत्येकाला माहीत आहे आणि तरी माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून गळ टाकतात. काठापासून चार-पाच पावलं मागं, उंच दगडावर बसा. मासे पाण्याच्या कडेला कापू-धुवू नका, पिशवी पाण्यात लोंबकळत ठेवू नका. संध्याकाळी अंधार पडायच्या आत उठा. वामेचा नाद असेल तर पिचिंगच्या वरच्या पायरीवरून, सोबत माणूस घेऊन.

उन्हाळ्यात पाणी आटून काळं पडतं तेव्हा कधीकधी मासे तोंड वर काढून हवा घेताना दिसतात, किंवा मेलेले तरंगतात. तसे मासे ओळखा, फोटो काढा, मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा, पण घरी नेऊ नका.

सोडताना

मासा ओळखला, सोडायचं ठरलं, की तो पाण्यात फेकू नका. दोन्ही हातांत आडवा धरून पाण्याखाली न्या, तोंड धार येते त्या बाजूला ठेवा. बाजूला मगरीचा धोका नाही ना, हे आधी पाहा. कल्ले उघडझाप करू लागेपर्यंत थांबा. मागे-पुढे हलवू नका, मागे ओढलं की कल्ल्यात पाणी उलटं शिरतं. कधी पाच सेकंद लागतात, मोठ्या रोहूला दोन मिनिटंही लागतात. शेपटी एकदा जोरात हलते, हाताला ती ओढ कळते, आणि तळहात रिकामा होतो. मग वहीत नाव, लांबी, ठिकाण, खोली आणि तारीख लिहा.